मेन बंद, दिवा चालू

(जिन्याखालची मीटरची फळी. अंधार. एक लाल ठिपका लुकलुकतोय.)

हा लाल दिवा नीट बघा. दोन सेकंदांनी एकदा पेटतोय. आता मावशी मेन स्विच खाली ओढतील.

ओढला. आतला पंखा थांबला. फ्रीजची घरघर थांबली. दिवा थांबला का?

(दिव्यावर कॅमेरा स्थिर. दहा सेकंद निवेदन नाही.)

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातला हा वाडा. पाच बिऱ्हाडं, पाच मीटर, सगळे एकाच फळीवर. मावशींचा डावीकडून दुसरा. घरात एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही आणि चार बल्ब. महिन्याला सत्तरच्या आसपास युनिट पडायचे, बिल सहा-साडेसहाशे. ऑगस्टच्या बिलावर ४७५ युनिट आले आणि रक्कम साडेसहा हजारांच्या वर गेली. युनिट सातपट आणि पैसे दहापट, कारण वरच्या टप्प्यांचा दर चढता असतो.

(फळीच्या कडेचा जुना काळा मीटर. काचेवरची धूळ हाताने पुसली जाते.)

हा जुना गडी अजून फळीवर लटकतोय. याची जोडणी कधीच तुटली, काढून न्यायला मात्र कुणी आलं नाही. काचेआडची ती ॲल्युमिनियमची चकती दिसते? तिच्या एका बाजूला बारीक तारेचं भरपूर वेढ्यांचं वेटोळं, ते व्होल्टेजचं. दुसऱ्या बाजूला जाड तारेचे थोडेच वेढे, त्यातून घराचा सगळा करंट जायचा. दोघांच्या चुंबकी ओढाताणीत चकती फिरायची आणि एक कायमचा चुंबक तिला आवरून धरायचा. घरात जितकी वीज, तितका तिचा वेग. ही युक्ती १८८९ च्या सुमाराची, बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथी या इंजिनिअरची. पुढची शंभरेक वर्षं जगभर घरोघरी चकत्याच फिरल्या. या मीटरची मोठी सोय म्हणजे सगळं डोळ्यांना दिसायचं. घरातलं सगळं बंद केलं आणि चकती फिरतच राहिली, तर शेंबड्या पोरालाही कळायचं.

नव्या मीटरमध्ये चकतीच्या जागी हा दिवा आला. लोक त्याला इंडिकेटर समजून सोडून देतात. पण तोही मोजता येतो. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो. मावशींच्या मीटरवर तो ३२०० आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. शंभर वॅटचा एकच बल्ब लावला, तर दिवा साधारण अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकायला हवा. आणि मेन बंद असताना मुळीच नाही.

(मावशी पाटावर. समोर चिंचोक्यांचं सूप आणि पितळी वाटी. प्रत्येक लुकलुकीला एक चिंचोका वाटीत पडतो.)

चैत्रात इथल्या बायका चिंचा फोडायच्या कामाला जातात, त्यामुळे घरात चिंचोक्यांना तोटा नाही. खरं सांगायचं तर ही मोजणी जानेवारीतच झाली होती. शेजारचा आयटीआयचा पोरगा मोबाइलवर वेळ लावून बसला होता. चिंचोक्यांची कल्पना मावशींची, आमचा कॅमेरा बघून सुचलेली. आम्ही नको म्हटलं नाही.

पाच मिनिटांत दीडशे चिंचोके. तासाला १८००. म्हणजे तासाला अर्ध्या युनिटाच्या वर, दिवसाला साडेतेरा, महिन्याला चारशे पाच. मेन बंद असताना. त्यात नेहमीचे सत्तर मिळवा आणि बिलावरचा आकडा पुन्हा एकदा वाचा.

आता कुणी म्हणेल, मीटर आणि मेनच्या मध्ये दुसऱ्या कुणाची वायर जोडलेली असेल. बरोबर शंका आहे. जुन्या वाड्यात आणखी एक भानगड असते, दोन बिऱ्हाडांचे न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, एकमेकांत मिसळलेल्या असतात. हल्लीचा घरगुती मीटर फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि न्यूट्रल, दोन्हींतला करंट बघतो आणि जो जास्त असेल तो धरतो. चोरी पकडायला केलेली सोय. तिच्यापायी शेजाऱ्याचा करंट आपल्या मीटरवर चढू शकतो. याचा निकाल लावायचा, तर मीटरमधून घराकडे जाणाऱ्या वायरीच सोडवून बघाव्या लागतात. त्या आहेत या झाकणाखाली. झाकणाला सील आहे. सीलला आपण हात लावला, तर चोरीचा आळ आपल्यावर. म्हणून इथून पुढचं काम वीज कंपनीचं.

(उपविभागीय कार्यालयाचा दरवाजा, बाहेरून.)

आत कॅमेरा नेऊ दिला नाही. त्यामुळे दरवाजा बघा.

या दरवाजातून मावशी ऑगस्ट ते डिसेंबर किती वेळा आत गेल्या, ते त्यांनी मोजलेलं नाही. साहेब साइटवर गेलेत. मीटर शिल्लक नाहीत. आधी बिल भरा, मग बघू. एकदा पोराने टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

(कागद, अगदी जवळून. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का.)

जानेवारीत मात्र हा कागद झाला. वर बारा अंकी ग्राहक क्रमांक, खाली मीटरचा नंबर, मेन बंद असताना पाच मिनिटांत दिवा १५० वेळा लुकलुकला हे एक वाक्य, आणि मीटर तपासून द्या, शुल्क भरायला तयार आहे, अशी मागणी. दोन प्रती काढल्या. आवक खिडकीवरचा माणूस दुसऱ्या प्रतीवर शिक्का द्यायला तयार नव्हता. मावशी खिडकीसमोर बसून राहिल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्का मिळाला. आवक क्रमांक आणि तारीख जरा वेळ दिसू द्या.

या तारखेवर पुढचं सगळं उभं राहिलं. नियामक आयोगाच्या वीज पुरवठा संहितेप्रमाणे मीटर सदोष निघाला, तर वाद ज्या महिन्यात उभा राहिला त्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त होतं. आणि वाद कधी उभा राहिला, हे कागद सांगतो. पाच महिन्यांचे हेलपाटे कुठल्याच रजिस्टरात नव्हते.

मार्चमध्ये थकबाकीसाठी लाइन तोडली. चार दिवस घरात उजेड नव्हता. तेव्हा आम्ही तिथे नव्हतो.

त्यानंतर कुणीतरी वीज कायद्याचं कलम ५६ दाखवलं. तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाचा वाद चालू असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते. मग निकालापर्यंत लाइन तोडता येत नाही. मावशींनी तसे पैसे भरले आणि याच कायद्याने नेमलेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज टाकला. वकील केला नाही. शिक्क्याची प्रत जोडली.

(वाड्याचं अंगण. दोन वायरमन, एक अभियंता. सील कापल्याचा आवाज.)

मंचाच्या पहिल्याच तारखेनंतर माणसं आली. झाकण उघडलं. घराकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि वर धरल्या. मीटरला आता घरच नाही. सगळे दिव्याकडे बघतायत.

(दिवा लुकलुकतो. अभियंत्याचा चेहरा. मावशींचा चेहरा.)

पंचनामा जागेवर लिहिला. मावशींनी सही करण्याआधी तो पोराकडून दोनदा वाचून घेतला.

मीटर बदलला. ऑक्टोबरपासूनची बिलं दुरुस्त झाली, जादा भरलेलं पुढच्या बिलांत वळतं झालं. ऑगस्ट आणि सप्टेंबर गेले.

(संध्याकाळ. नवा मीटर. मावशी मेन स्विच खाली ओढतात. पाट, सूप, वाटी.)

हे आम्ही करायला सांगितलेलं नाही. नवा मीटर बसल्यापासून आठवड्यातून एकदा त्या अशा बसतात.

पाच मिनिटं झाली. वाटी रिकामी आहे. आतून सून ओरडतेय, “आत्या, मेन लावा की आता, मालिका सुरू झाली!”

मावशी म्हणतात, “थांब गं जरा.”