नंदिनीकाठचा कोपरा

सकाळचे सव्वासहा. नाशिकमधला, उंटवाडीच्या बाजूचा हा कोपरा. ही बाईक बघा, थांबत पण नाही, जरा स्लो होते, हँडलला अडकवलेली कचऱ्याची पिशवी खाली पडते आणि गाडी अंबडकडे निघून जाते.

टाकणाऱ्यांना आम्ही विचारलं. कोणी भांडलं नाही. "घंटागाडी येते तेव्हा मी ड्युटीवर, मिसेस पण कामावर, मग रात्रीचं खरकटं घरात ठेवायचं का?" दुसरे म्हणाले, "सगळेच टाकतात, मी एकट्याने नाही टाकलं तर काय फरक पडणार." गाडीच्या टायमिंगची तक्रार खरी आहे, बऱ्याच घरांत ऐकली. पण याच घरांचं अंगण बघा, सडा टाकलेला, उंबरा पुसलेला. कचरा दारातून गेला म्हणजे गेला, असं डोक्यात पक्कं बसलंय, आणि हा कोपरा कोणाच्याच दारात येत नाही.

भिंतीवर आधी 'येथे कचरा टाकू नये' लिहिलं, मग देवांच्या टाइल्स लावल्या. ढीग टाइल्सच्या खालीच लागला.

मग समोरच्या बिल्डिंगमधल्या चौघी जणींनी ठरवलं, आपणच इथे बसायचं. आधी फावड्याने सगळं उपसलं, शहाळी, डायपर, कुजलेलं निर्माल्य, ओलं वेगळं, सुकं वेगळं, डायपर पेपरात गुंडाळून वेगळे, सगळं घंटागाडीत दिलं. जागा धुतली, सुकू दिली, गेरू लावला आणि त्यावर ठिपक्यांची रांगोळी. काकूंची चिमूट बघा, रेघ कुठे तुटत नाही. आता रोज साडेपाच ते साडेसात, पाळीपाळीने बसतात. कोणी पिशवी घेऊन आलं तर ओरडायचं नाही, "द्या दादा, मी टाकते गाडीत" एवढंच म्हणायचं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस लांबूनच वळतो.

वळून जातो कुठे, तर पुलावर. जाळीला पाडलेलं हे भोक बघा, हात कोपरापर्यंत आत जातो. खाली नंदिनी, जुने लोक अजून नासर्डीच म्हणतात, ही पुढे टाकळीला गोदावरीला मिळते, जिथे समर्थ रामदासांनी 12 वर्षं तप केलं ती टाकळी. पावसाळ्यात याच पिशव्या अडकून पाणी तुंबतं, मग डास, आजारपण.

भोक तारेने शिवलं ते पण या चौघींनीच. आज पुलावर दुसरी खुर्ची आलीय, काकूंच्या शेजारी नात बसलीय, मांडीवर वही, पायाशी मोकळी बादली. लांबून घंटागाडीचा आवाज येतोय.