लिस्टमधनं डिलीट केलं तरी जात न्हाई? एलिक्सर शिकताना सगळे इथंच अडकतात

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं. एलिक्सर ही फंक्शनल प्रोग्रामिंगची भाषा, तिच्या मागच्या व्हिडिओखाली प्रश्न पुष्कळ आलेत, शब्द वेगवेगळे पण दुखणं एकच. "ताई, लिस्ट डॉट डिलीट चालत नाही." "ताई, डिलीट केलं, परत प्रिंट केलं, आकडा आहे तिथंच." एकानं तर लिहिलंय की एलिक्सरमध्येच बग आहे, व्हर्जन बदलून बघितलं, काढून परत इन्स्टॉल केलं, दोन दिवस गेले. ते दोन दिवस वाचून मला खरंच वाईट वाटलं. आज ग्लीम नावाची नवीन भाषा दाखवायची ठरली होती, ती बाजूला ठेवली आणि हेच घेऊन बसलोय.

आणि हो, 'बसलोय'वरनं पण कॉमेंट येतात. ताई, तुम्ही मुलगी असून 'येतो, जातो, करतो' का म्हणता. अहो, आमच्या कोल्हापुरात बायका-पोरी असंच बोलतात, आजी असंच बोलायची, आई असंच बोलते, मी पण असंच बोलणार. चला पुढं.

बेसिक पटकन उरकतो, कारण ते सगळीकडं मिळतं. फंक्शनल म्हणजे फंक्शनला काहीतरी द्यायचं, ते काहीतरी परत देतं, मधल्या मधे कुठं हात घालत न्हाई. मुळाशी अलोन्झो चर्च या गणितज्ञाचं लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे सगळा हिशोब फंक्शननंच मांडायचं गणित, १९३०च्या दशकातलं. मग त्यावरनं भाषा आल्या, १९५८ला जॉन मॅकार्थीची लिस्प, १९८६ला एरिक्सन कंपनीत एर्लांग, १९९०ला हॅस्केल, २००७ला रिच हिकीची क्लोजर, आणि एर्लांगच्याच इंजिनवर चालणारी जोझे वालीमची एलिक्सर. मॅप, फिल्टर, रिड्यूस, म्हणजे लिस्टमधल्या प्रत्येकावर काम करणं, हवे तेवढे गाळून घेणं आणि सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढणं, हे तुम्हाला पायथॉनमधनं माहीतच हाय. झालं बेसिक.

आता मुद्द्याचं. स्क्रीनवर बघा.

[स्क्रीन: काळं टर्मिनल, अक्षर मोठं]

'दर' नावाची लिस्ट केली. गुळाचे क्विंटलचे दर समजा, ४१००, ४३००, ४००, ४२५०. यातला ४०० चुकून पडलाय, टायपिंगमध्ये शून्य राहिलं. मी लिहिलं, लिस्ट डॉट डिलीट, कंसात दर, कॉमा, ४००. एंटर. खाली काय आलं? ४१००, ४३००, ४२५०. गेला की ४००. आता नुसतं 'दर' लिहितो, एंटर. ४१००, ४३००, ४००, ४२५०. ४०० परत हजर! इथंच तुम्ही सगळे कॉमेंट लिहायला घेता.

ऐका. डिलीटनं तुमच्या लिस्टला हातच लावला न्हाई. त्यानं तुम्हाला ४०० नसलेली एक नवीन लिस्ट दिली. ती तुम्ही धरली न्हाई, हवेत सोडून दिली. धरायची असेल तर नाव द्या, 'नवे दर' इज इक्वल टू लिस्ट डॉट डिलीट आणि पुढं तेच. एवढंच. जुनं बदलत न्हाई, नवीन मिळतं, आणि ते धरायचं.

एवढ्यानं कळत न्हाई हे मला माहीत हाय, कारण मलाही कळलं नव्हतं. मला ते कळलं मार्केट यार्डातल्या वहीवरनं. माझ्या मामांचं तिथं गुळाचं अडत दुकान होतं. दुकानात शिरलं की गुळाचा वास, पोत्यांवर गुळाचे रवे आणि गांधीलमाशा, आणि गादीवर मामा लाल कापडी पुठ्ठ्याची कीर्द घेऊन. मी नऊ-दहा वर्षांचा असताना सुट्टीत तिथं बसायचो. एकदा मामांनी मला रक्कम लिहायला दिली आणि मी १च्या जागी ७ लिहिला. शाईचा. मग मी काय केलं, पेन्सिलीला टोक काढायच्या ब्लेडनं तो ७ खरवडला आणि वर १ केला. कागद पातळ झाला, उजेडात धरला की पलीकडचं दिसायला लागलं. मामा रागावले न्हाईत. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पान उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाले, "आता ही वही कुणी खरी मानंल काय?" मग त्यांनी सांगितलं की चूक झाली तर खोडायची न्हाई, ती तशीच ठेवायची, खाली त्याची उलटी नोंद घालायची आणि त्याच्याखाली बरोबर रक्कम. शेतकरी हिशोबाची पट्टी घेऊन आला, म्हणाला माझे पैसे कमी लागले, तर काय झालं, कधी झालं, कुणी दुरुस्त केलं, सगळं त्या पानावर दिसलं पाहिजे.

एलिक्सरमधली लिस्ट म्हणजे ती कीर्द. ब्लेड चालत न्हाई. आणि हे मी नुसतं कौतुकानं सांगत न्हाई, ब्राझीलमधली नूबँक ही एवढी मोठी बँक क्लोजरवर आणि डेटॉमिक नावाच्या डेटाबेसवर चालते, आणि डेटॉमिकमध्ये नेमकं हेच हाय, जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी बसत न्हाई, नवी नोंद तिच्यावर चढते, जुनी खाली शाबूत. डेटॉमिकसुद्धा रिच हिकीच्याच डोक्यातनं आलं. मला ते पहिल्यांदा वाचताना मामांची गादीच डोळ्यापुढं आली.

आता हुशार मंडळी विचारतात, "ताई, पण एलिक्सरमध्ये एक्स इज इक्वल टू ५ लिहिलं, मग एक्स इज इक्वल टू एक्स प्लस १, तर ६ येतंय की! बदललं की!" चांगला प्रश्न हाय, यात गोंधळ होणारच. परत टर्मिनल बघा.

[स्क्रीन: नवीन टर्मिनल]

एक्सला ५ दिलं. आता एक छोटं फंक्शन करतो, नाव 'दाखव', काम एकच, एक्स परत द्यायचा. बोलावलं, ५ आलं. आता एक्स इज इक्वल टू एक्स प्लस १. एक्स विचारला, ६. आता 'दाखव' परत बोलवायचं, पण थांबा, आधी तुम्ही मनात उत्तर धरा. धरलं? एंटर.

५.

५ आलं! म्हणजे ५ कुठं गेलंच न्हाई. 'एक्स' ही चिठ्ठी हाय, ती एका डब्यावरनं काढून दुसऱ्या डब्यावर चिकटवली, पहिल्या डब्यातला माल तसाच. 'दाखव'नं जुना डबाच धरून ठेवलेला. हेच जावास्क्रिप्टमध्ये लेट वापरून करून बघा, तिथं ६ येईल. एर्लांगमध्ये तर चिठ्ठीसुद्धा हलवू देत न्हाईत. एक्सला ५ दिलं आणि खाली एक्स इज इक्वल टू ६ लिहिलं की सरळ एरर, 'नो मॅच ऑफ राइट हँड साइड व्हॅल्यू ६'. कारण तिथं इज इक्वल टूचा अर्थ 'ठेव' असा न्हाई, 'जुळतंय काय बघ' असा हाय. ही सवय प्रोलॉग नावाच्या जुन्या भाषेकडनं आली, एर्लांगची पहिली आवृत्ती प्रोलॉगमध्येच लिहिलेली. आणि हॅस्केलमध्ये एक्स इज इक्वल टू एक्स प्लस १ लिहून एक्स छापायला सांगितला, तर उत्तरच येत न्हाई, कारण त्याच्या लेखी ते गणिताचं समीकरण झालं आणि एक्स शोधायला परत एक्सच लागतो, मग ते फिरत बसतं. पोरं म्हणतात हॅस्केल हँग झालं. हँग न्हाई, तुम्ही सांगितलेलंच करतंय ते बिचारं.

"ताई, मग दर वेळी सगळ्या लिस्टची झेरॉक्स? मेमरी संपंल की." न्हाई. आपल्या चार दरांतनं तिसरा ४०० काढला, तर नवीन लिस्टमध्ये पहिले दोनच नवे जोडले जातात, पुढचा ४२५० जुन्या लिस्टचाच, दोघींचा शेपटा एकच. जुनं कधी बदलणारच न्हाई म्हटल्यावर वाटून घ्यायला भीती कसली? म्हणूनच या भाषांमध्ये लिस्टच्या पुढं घालणं स्वस्त आणि शेवटी घालणं महाग, शेवटी घातलं तर सगळीच नवीन करायला लागते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार हाय.

तिसरी गोष्ट माझ्या नोकरीतली. एका ठिकाणी दूध संस्थांच्या बिलाचं काम होतं, पायथॉनमध्ये. एका लिस्टमध्ये उत्पादकांची नावं, दुसऱ्यात त्यांच्या रकमा, दोन्ही एकाच क्रमानं. कुणीतरी 'सगळ्यात जास्त दूध घालणारे दहा' असा रिपोर्ट जोडला आणि त्या फंक्शनमध्ये क्रम लावायला रकमांच्या लिस्टवर डॉट सॉर्ट मारला. पायथॉनचा डॉट सॉर्ट आहे तीच लिस्ट हलवतो. रिपोर्ट झकास आला. पण पुढं बिल छापणाऱ्या कोडकडं तीच लिस्ट गेली, नावं जुन्या क्रमात, रकमा नव्या क्रमात. एक म्हैस असलेल्या आजींच्या नावावर गोठेवाल्याचं बिल. वाटपाच्या आदल्या रात्री एकाच्या लक्षात आलं म्हणून वाचलो, रात्री दोनपर्यंत आम्ही ती एक ओळ शोधत होतो. डॉट सॉर्टच्या जागी सॉर्टेड लिहिलं, जे नवीन लिस्ट देतं, आणि प्रश्न मिटला. त्या रात्री मला पहिल्यांदा मनापासून वाटलं की ब्लेड हातात नसलेलीच बरी.

वेबसाइटची स्क्रीन करायला जावास्क्रिप्टचं रिॲक्ट वापरणाऱ्यांनो, तुम्ही पण ऐका, तुमचा 'पुश केलं तरी स्क्रीन बदलत नाही' हाच आजार हाय. जुन्याच ॲरेमध्ये, म्हणजे तिथल्या लिस्टमध्ये, पुश करून नवीन घातलं आणि तोच परत सेट केला तर रिॲक्टला वाटतं काही बदललंच न्हाई. नवीन ॲरे करून द्या.

आता एक रागाची गोष्ट. "हे सगळं फॅड आहे, कोण वापरतंय." ज्या मोबाइलवरनं तुम्ही हे लिहिता त्याच मोबाइलवर व्हॉट्सॲप हाय की, त्याचा सर्व्हर एर्लांगवर! २०१२ला त्यांनी एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त कनेक्शन धरून दाखवली. २०१४ला फेसबुकनं विकत घेतलं तेव्हा ४५ कोटी लोक वापरत होते आणि कंपनीत माणसं ५५च्या आसपास. आणि त्याच्या मुळाशी आजचाच मुद्दा हाय. एर्लांगमध्ये हजारो, लाखो छोट्या प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं, एकेक सुरू होताना अडीच किलोबाइटच्या आसपास, प्रत्येकीची आपली मेमरी, एकमेकींना फक्त निरोप पाठवायचे. दुसरीच्या वहीत कुणी खाडाखोड करूच शकत न्हाई, मग कुलपं कशाला लावायची?

जॉबचं विचारता, तर खरं सांगतो, जाहिराती कमी असतात. नुसत्या हॅस्केलवर नोकरी शोधायला निघू नका. ओकॅमल ही पण अशीच फंक्शनल भाषा, जेन स्ट्रीटसारख्या ट्रेडिंग कंपनीत चालते, रस्ट भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्येच लिहिला होता, पण आपल्याकडं शिकायचं ते डोकं तयार व्हायला. आणि दर रविवारी नवीन भाषा बदलू नका. एकानं लिहिलंय की दोन महिन्यांत नऊ भाषा बघितल्या. भावा, बघितल्यास, बरोबर, पण एकीत तरी हिशोब पुरा केलास काय? एलिक्सर धर आणि तीन महिने तिथंच राहा.

गृहपाठ. 'दर' हीच लिस्ट घ्या. ४०० काढा, त्याच्या जागी ४००० आणा, पण जुनी 'दर' शेवटी छापली तर ४०० सकट दिसली पाहिजे. मग एक फंक्शन लिहा, जे एकेक दर पुढं पुढं घालत नवीन लिस्ट करतं. क्रम उलटा येईल, घाबरू नका, लिस्ट उलटी करणारं एनम डॉट रिव्हर्स शेवटी एकदाच मारा, दर वेळी मागं घालण्यापेक्षा ते लय स्वस्त पडतं, का ते मघाशी सांगितलंय. कोड कॉमेंटमध्ये टाका, चुकलेला असला तर चुकलेलाच टाका, खोडू नका, दुरुस्ती खाली वेगळी लिहा. संध्याकाळी सात वाजता मी वाचायला बसतो.