सालीतून, पाल्यातून

सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीत ही जांभळी अंगठी दिसते आहे ना, तो हिवतापाचा परजीवी, प्लाझ्मोडियम. पेशीतल्या हिमोग्लोबिनवर तो पोसतो. ते पचवताना लोह असलेलं हीम मोकळं होतं, आणि त्याला गाठायची जागा तीच.

सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन हे हिवतापावरचं औषध वेगळं काढलं गेलं ते 1820 मध्ये. वनस्पतीतून पुढचा मोठा रेणू हाती यायला दीडशे वर्षं लागली.

व्हिएतनाम युद्धात सैनिक हिवतापाने हैराण झाले होते. 1967 मध्ये चीनने औषधाच्या शोधाची गुप्त मोहीम उघडली. संशोधक यूयू तू यांच्या गटाने जुन्या नुस्ख्यांतल्या वनस्पती तपासल्या. त्यातल्या छिंगहाव या वनस्पतीच्या पाल्याचा अर्क कधी गुण देई, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पोथीतली एक ओळ त्यांना खटकली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळण्याचं नावच नाही! म्हणजे उष्णतेने गुण जात असेल का? त्यांनी ईथर वापरलं. ते जेमतेम 35 अंशांना उकळतं. ऑक्टोबर 1971 मध्ये त्या अर्काने उंदरांच्या रक्तातले परजीवी पार नाहीसे केले.

ही गोष्ट परंपरेचा विजय म्हणून सांगितली जाते. अर्धीच खरी आहे ती. पोथीने वाट दाखवली. औषध ठरलं ते प्रयोगशाळेत.

छिंगहावमधून मिळालेलं हे औषध म्हणजे आर्टेमिसिनिन. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा पूल असतो. हीममधलं लोह तो पूल तोडतं, आणि त्यातून निघणारे जहाल तुकडे परजीवीची प्रथिनं निकामी करतात. पण हे औषध काही तासांतच शरीरातून निघून जातं, म्हणून जोडीला जास्त टिकणारं दुसरं औषध लागतंच. घरी पाल्याचा काढा करून पिणं म्हणूनच धोक्याचं: मात्रा अपुरी पडते, उरलेले परजीवी चिवट होत जातात. कंबोडियाच्या पश्चिम भागात आर्टेमिसिनिनला दाद न देणारे परजीवी आढळलेच आहेत.

काचेच्या बशीत परजीवी मारणारी वनस्पतिद्रव्यं ढिगाने सापडतात. शरीरात मात्र गाडी अडते. दारुहळदीतलं बर्बेरीन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. इपेकाक या वनस्पतीच्या मुळातलं एमेटीन अमीबाला मारतं, पण हृदयालाही इजा करतं. काळा आजाराचा परजीवी लीशमॅनिया तर रोगाशी लढणाऱ्या पेशींच्याच पोटात दडून बसतो. तिथवर औषध पोचवायचं कसं?

म्हणून रसायनशास्त्रज्ञ मूळ रेणूत फेरफार करतात. आर्टेमिसिनिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यापासून आर्टेसुनेट बनवलं, आणि ते थेट शिरेतून देता येऊ लागलं. गंभीर हिवतापाच्या रुग्णाला आज पहिलं इंजेक्शन त्याचंच देतात.