जिभेखालची गोळी

सेंटर उघडायच्या आधीच लाईन लागलेली असते. कुणाच्या हातात जेवणाचा डबा, कुणी रात्र फुटपाथवर काढून आलेला, कुणाला इथून थेट मजुरीच्या नाक्यावर पळायचंय. मुंबईतलं हे ओएसटी सेंटर, म्हणजे नशेच्या जागी औषध देणारं. सुईने पावडर, म्हणजे हेरॉइन, मारणाऱ्यांना इथे रोज औषध मिळतं, नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची योजना आहे, एक पैसा लागत नाही.

आता नर्सचे हात बघा. ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या मोजल्या, चुरा केला, जिभेखाली टाकला. गिळायचं नाही, विरघळेपर्यंत बाकावर गप्प बसायचं, मग तोंड उघडून दाखवायचं, जीभ वर, हां झालं, रजिस्टरवर सही, चला पुढचा. हे औषधपण अफूच्याच जातीचं, पण एका मर्यादेपुढे चढत नाही, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, येऊ देत नाही आणि एक डोस साधारण दिवसभर पुरतो. पहिला डोस मात्र टर्की सुरू झाल्यावरच देतात, आधी दिला तर औषधानेच टर्की लागते, म्हणून कोपऱ्यातला तो नवीन माणूस असा कुडकुडत बसलाय, मुद्दाम कुणी ताटकळत ठेवलेलं नाहीये त्याला.

“म्हणजे गर्दुल्ल्यांना सरकारच नशा देतं?” आमचं कॅमेऱ्याचं शूटिंग चालू असताना बाहेर हे हमखास कानावर यायचं. कायद्याने याचं उत्तर दिलंय. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, कलम २२: एचआयव्हीचा धोका कमी करायला स्वच्छ सुया देणं, हे औषध देणं गुन्हा नाही. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा तसाच आहे, पण सेंटरची सिरिंज बाळगली म्हणून उचलता येत नाही, निदान कागदावर तरी.

एकच सुई अनेकांनी वापरली की एचआयव्ही पसरतो, लिव्हर खराब करणारा हिपॅटायटिस सी पण. २०२१ च्या सरकारी आकड्यांत सुई घेणाऱ्यांमधे एचआयव्ही ९ टक्क्यांच्या आसपास, देशातल्या एकूण प्रौढांमधे जेमतेम ०.२. हिपॅटायटिस सीचं औषध २०१८ च्या राष्ट्रीय योजनेपासून फुकट, बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांचा.

आता परत ही लाईन बघा, खरी अडचण इथेच आहे. रोज यायचं म्हणजे कधी उशीर, कधी खाडा, आणि उशिरा पोचलेल्याला नाक्यावर कोण काम देणार? गोळ्या घरी दिल्या तर विकतील, कुटून सुईतून मारतील ही भीती काही अगदी खोटी नाही. पण २०२० च्या लॉकडाऊनमधे नॅकोनेच घरी न्यायला डोस दिले होते ना! नवीन माणसाला रोज बोलवा की, पण जो महिनोन्महिने नीट येतोय त्याला आठवड्याच्या गोळ्या एकदम द्या, म्हणजे तो आठ वाजता नाक्यावर असेल.