मोत्याला रंग येतो कुठून?

नमस्कार श्रोतेहो. स्वाती नक्षत्र लागलं की आपल्याकडे धान कापणीची घाई असते, आणि जुनी माणसं हमखास सांगतात की स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो. भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा तलावाच्या (म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या) पाळीवर मी मोत्यांच्या शेतीबद्दल बोलत होतो. तेव्हा एका ढीवर आजींनी विचारलं, "बाबू, आत लाल मणी ठेवला तं मोती लाल होते का जी?" आजचं बोलणं त्या प्रश्नासाठीच आहे.

होत नाही. मणी थरांखाली झाकला जातो. थर फारच पातळ राहिला, तरच त्याची झाक बाहेर येते.

थर चढवतो तो शिंपल्याच्या मांसाचा पातळ पडदा, प्रावार. शिंपल्याचं आतलं चकचकीत अस्तरही त्याचंच काम. मोती घ्यायचा म्हणजे एका शिंपल्याच्या पडद्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापून दुसऱ्याच्या मांसात बसवायचा. तो तुकडा तिथे वाढून, मणी ठेवला असेल तर त्याच्याभोवती, पिशवी होतो आणि थरावर थर देत राहतो. मोती वाढतो दुसऱ्याच्या पोटात, पण रंग मुख्यतः पहिल्याचा घेतो! काळ्या ओठांच्या आणि चंदेरी ओठांच्या (ओठ म्हणजे शिंपल्याच्या आतला काठ) समुद्री कालवांमध्ये अशी अदलाबदल करून पाहिली, तेव्हाही तुकडा ज्याचा, रंग बहुतांशी त्याचाच आला. ताहितीचा करडा-काळा मोती काळ्या ओठांच्या कालवातला. चीनमधल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांत पांढरा, नारिंगी, जांभळा असे रंग मुळातच मिळतात. पाण्याचाही थोडा हात असतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आपल्याकडे बरेच जण गणपतीचा वगैरे साचा ठेवतात. तिथे परका तुकडा नसतो, म्हणून त्या मोत्यावर त्याच शिंपल्याच्या अस्तराचा रंग चढतो.

मोती फिरवला की हिरवी-गुलाबी लहर धावते, तो मात्र रंगद्रव्याचा खेळ नाही. अ‍ॅरगोनाइट या चुनखडीसारख्या खनिजाच्या चकत्यांचे हे थर असतात, आणि त्या चकत्या एका मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढ्या जाड असतात. पंपाजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग जसा रंग दाखवतो, तसाच प्रकाश या थरांमध्ये खेळतो.

आणखी एक सांगतो, कारण त्यात माणसं फसतात. बाजारातला गडद मोती अनेकदा रंगवलेला असतो. भोकाच्या कडेला रंग साचलेला दिसला, तर तिथेच थांबा. गोड्या पाण्याच्या मोत्यातलं मँगनीज गॅमा किरणांनीही काळवंडतं, आणि ते नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही.

आजींनी तेव्हा पाळीवरची एक रिकामी शिंपी उचलून उन्हात धरली. आतून चंदेरी, काठाशी गुलाबी. म्हणाल्या, "मंग मोती असाच होते म्हना." म्हणून तुकडा घेण्याआधी शिंपला हलकेच उघडून काठाचा रंग पाहा. पडदा कापला की तो शिंपला वाचत नाही.