रोल नंबरने चालणारा कॉम्प्युटर

मागे आवाज येतोय ना? बरं. गेमचं नाव द पावडर टॉय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि मुळात वाळू ओतायची, पाणी सांडायचं नि शेवटी सगळ्याला आग लावायची, एवढ्यासाठीच आहे. पडदा ६१२ बाय ३८४ ठिपक्यांचा, एक ठिपका म्हणजे एक कण. माझा पुतण्या त्यात ज्वालामुखी करतो, मी दोन वर्षं झाली, त्याच कणांचा कॉम्प्युटर बनवून बेरीज करायला बघतोय.

कॉलेजात असताना काही बनवायचं म्हटलं की पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली गाठायची, पिशवीभर पार्ट घेऊन यायचं. इथे मिळतं काय, तर धातू, दोन प्रकारचं सिलिकॉन, स्विच आणि स्पार्क, म्हणजे तारेतून पळणारी विजेची ठिणगी. पी टाइप सिलिकॉनमधून स्पार्क आला की स्विच चालू, एन टाइपमधून आला की बंद, आणि मधे कोणी हात नाही लावला तर आहे तसाच राहतो. झाली की एका बिटची, म्हणजे एका शून्य-किंवा-एकची मेमरी! पण स्पार्क चार फ्रेम, म्हणजे गेमची चार पावलं जगतो, नंतर चार फ्रेम ती तार दमलेली असते, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तरी एका तारेतून साडेसात ठोके, बास. आणि जागा? १ किलोबाइटला ८१९२ स्विच, वायरिंगसकट एकाला वीस ठिपके धरा, दोन तृतीयांश पडदा इथेच संपला, प्रोसेसर काय गच्चीवर ठेवायचा?

मग लोकांचं लक्ष गेलं फिल्टकडे. ही प्रकाश गाळणारी रंगीत काच. तिचा रंग गेम ३० बिटांत साठवतो, म्हणजे एका ठिपक्यात आख्खा आकडा मावला, आणि मोड बदलला की किरण तिच्यातून जाताना अँड, ऑर, एक्सऑर ही बिटांची गणितं आपोआप होतात. एकच खोच आहे, सगळे बिट शून्य केले तर ती समजते आपल्याला रंग दिलेलाच नाही, आणि तापमान बघून स्वतःच एक रंग ठरवते. म्हणून एक बिट कायम पेटता ठेवायचा, २९ वापरायचे. तरी १ किलोबाइट २८३ ठिपक्यांत!

आता खरी गंमत वेगाची. प्रत्येक फ्रेमला गेम सगळ्या कणांना एकेक करून हाक मारतो, कणाच्या नंबरप्रमाणे. वर्गात बाई हजेरी घेतात तसं समजा, आणि नाव आलं की मागच्याची चिठ्ठी बघून आपली लिहायची. मुलं रोल नंबरनेच बसलेली असतील तर एका हजेरीत चिठ्ठी शेवटच्या बाकावर पोचते, उलटी बसली असतील तर दर हजेरीला एकच बाक पुढे. कण नंबरप्रमाणे मांडले की एका फ्रेममधे आख्खं गणित उरकतं, याला सबफ्रेम म्हणतात.

मला हे कळलं ते मार खाऊन. रात्री दोनला माझा अ‍ॅडर, म्हणजे बेरीज करणारं सर्किट, चालला, सेव्ह केला, झोपलो. सकाळी उघडला तर ढिम्म. दोन तास तुटलेली तार शोधतोय, एकही ठिपका हललेला नाही! नंतर ट्यूब पेटली, फाइल उघडताना गेम वरून खाली, डावीकडून उजवीकडे असे नवे नंबर देतो, आणि मी काढले होते मनाला येईल त्या क्रमाने. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर सेव्ह, रीलोड, मगच टेस्ट.

तोच अ‍ॅडर आता चालवून दाखवतो. थांबा हं, आधी रीलोड करतो.