मक्याच्या शेतातलं विद्यापीठ

भौतिकी किंवा गणित शिकायला अमेरिकेतलं विद्यापीठ कसं निवडायचं, हे सांगायला तुम्ही मला बोलावलंत. आत्ता माझी ओळख करून देताना ‘अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठातून पीएचडी’ असं म्हटलं गेलं. हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वाड्यात कुणी म्हटलं असतं तर फार उपकार झाले असते.

मला इलिनॉय विद्यापीठाचं पत्र आलं, अर्बाना-शँपेनहून. आईनं पेढे वाटले. शेजारचे काका पेढा हातात धरून म्हणाले, “हार्वर्डच्या जवळ का रे?” म्हटलं, नाही, शिकागोपासून दोनशेवर किलोमीटर. “मग आजूबाजूला काय?” मी खरं बोललो. मका. “मका बघायला विमानानं जायचं?” पेढा खाल्ला, तो खाल्लाच. पुढे दर सुट्टीत मी आलो की अभ्यासाची चौकशी नाही, “काय, कणसं कशी आहेत यंदा?”

हसताय, पण तुमच्याही सोसायटीत असे काका आहेत. इथे दुसऱ्या रांगेतही असतील. फक्त आता ते ‘विद्यापीठाची रँक कितवी?’ असं विचारतात.

तर त्या मक्यात १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अतिवाहकतेचं, म्हणजे फार थंड केल्यावर काही धातूंतून वीज विनाअडथळा कशी वाहते याचं, कोडं सोडवलं. बार्डीनना १९७२ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं, भौतिकशास्त्राचंच दुसऱ्यांदा. आणि श्रीफर तेव्हा कोण होता? बार्डीनचा पीएचडीचा विद्यार्थी! घनपदार्थ भौतिकी, म्हणजे धातू-स्फटिकांसारख्या पदार्थांचं भौतिकशास्त्र, करणाऱ्याला अर्बाना म्हणजे पंढरी. काकांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, “असेल.”

आपल्या शिरपूरचे भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर घ्या. गुरुत्वाकर्षण शिकायला आधी ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात गेले, पीएचडी मात्र शिकागोला केली. विषय धरून ठेवला, गाव बदललं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत तेच राहिलं. भराभर सांगतो, लिहून घ्या.

विद्यापीठ नाही, विभाग बघा. आणि विभागात तुमच्या शाखेचे निदान तीन प्राध्यापक हवेत. एकच असला आणि तो निवृत्त झाला, की तुम्ही पोरके. त्यांचे अलीकडचे पेपर अर्काइव्ह (arXiv) नावाच्या संकेतस्थळावर बहुधा फुकट मिळतात, चाळा. त्यांचे विद्यार्थी पुढे कुठे लागले तेही शोधा. गणितवाल्यांनो, भूमिती करायची असेल तर स्टोनी ब्रुक विसरू नका. सरकारी विद्यापीठ आहे, १९६८ मध्ये जिम सायमन्स तिथे गणिताचे विभागप्रमुख झाले आणि भूमितीचा जम बसला.

पैसा. पीएचडीला सहसा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं, त्याबदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं. एमएसला बहुधा खिशातून. पालक, कर्ज काढण्याआधी हा फरक नीट समजून घ्या. तीन वर्षांची बीएस्सी काही विभागांना पुरत नाही, अर्जाची फी भरण्यापूर्वी ईमेल करून विचारा. भौतिकीची जीआरई, म्हणजे प्रवेशासाठीची विषयाची परीक्षा, बरेच विभाग आता मागत नाहीत, तरी प्रत्येकाचा नियम वेगळा. विद्यावेतनासह जागा मिळाली तर बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. कुणी फेब्रुवारीतच घाई करू लागलं तर घाबरून सही करू नका.

हो, हो, उतरतो. बीएससाठी, म्हणजे बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी, सगळं गणितच निराळं आहे. ते चहाच्या वेळी विचारा, मी जिन्यापाशी उभा आहे.